रेडिओ बिघडला की सूर्य? कुलाब्याच्या सुईपासून कांदिवलीच्या वायरपर्यंत

आजच्या भागात हॅम रेडिओ आहे, सूर्य आहे आणि आपली मुंबई आहे. तिघांचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटत असेल तर हेडफोन लावा आणि पंधरा मिनिटं द्या. लोकलमध्ये असाल तर बोरिवली ते दादर होईपर्यंत संपवतो.

आधी दोन वाक्यांत ओळख. हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, सरकारी लायसन्स आणि स्वतःची कॉलसाइन घेऊन, आपल्याच सेटवरून इतर लायसन्सवाल्यांशी बोलायचा छंद. मध्ये टॉवर नाही, सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही. आपला सेट, आपली वायर आणि मधलं आकाश, एवढंच.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहायला कांदिवलीला. गच्चीवर एक लांब वायर बांधली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना ती अजूनही कपडे वाळत घालायची दोरीच वाटते. रविवारी त्या वायरवर शॉर्टवेव्ह ऐकत बसणं हा माझा उद्योग. एखाद्या दुपारी २८ मेगाहर्ट्झवर युरोपातला माणूस इतका स्वच्छ ऐकू येतो की शेजारच्या विंगमधून बोलतोय असं वाटावं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच फ्रिक्वेन्सीवर नुसती खरखर. वायर तीच, सेट तोच, मग बदललं काय? तर बदललेला असतो सूर्य. हे माणसाला कसं कळलं, या कहाणीतला एक मोठा तुकडा आपल्या कुलाब्यात घडलाय. तीच आजची गोष्ट.

आकाशातला आरसा

रेडिओलहरी सरळ जातात आणि पृथ्वी गोल आहे. म्हणजे क्षितिजापलीकडे सिग्नल जायलाच नको. पण १२ डिसेंबर १९०१ ला मार्कोनीने इंग्लंडमधून पाठवलेला सिग्नल अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचं सांगितलं. पुढच्याच वर्षी केनली आणि हेविसाइड या दोघांनी, एकमेकांशी न बोलता, एकच अंदाज मांडला: हवेत खूप उंचावर विजेचा वाहक असलेला एक थर असणार आणि लहरी त्यावरून खाली परत येत असणार. १९२४ मध्ये इंग्लंडच्या ॲपल्टनने तो थर प्रयोगाने दाखवून दिला. त्याबद्दल त्याला १९४७ चं नोबेल मिळालं. आज आपण त्याला आयनोस्फिअर म्हणतो.

हा थर बनवतो कोण? सूर्य. त्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या विरळ हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. साधारण २०० ते ४०० किलोमीटरवरचा एफ थर हा आपला आरसा. आणि ६० ते ९० किलोमीटरवरचा डी थर हा मधला चोर. दिवसा तो कमी फ्रिक्वेन्सीचे सिग्नल गिळून टाकतो आणि सूर्य मावळला की जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून लांबची मीडियम वेव्ह स्टेशनं रात्री लागतात. आजोबांना विचारा, रात्री रेडिओ सिलोन कसं लागायचं ते.

आता सूर्यावरचे डाग. ते साधारण ११ वर्षांच्या चक्रात वाढतात आणि कमी होतात. डाग जास्त म्हणजे किरण जास्त, एफ थर दाट, आणि तितक्या वरच्या फ्रिक्वेन्सी परत खाली येतात. म्हणून २८ मेगाहर्ट्झचा, म्हणजे १० मीटरचा बँड, सूर्य जोरात असताना दहा-वीस वॅटमध्ये दुसऱ्या खंडापर्यंत पोचवतो. सूर्य शांत असला की तोच बँड आठवडेच्या आठवडे मेल्यासारखा पडून राहतो.

यात हॅम लोकांचा एक मजेदार वाटा आहे. १९१२ मध्ये अमेरिकेने कायदा करून हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीवर ढकललं. त्या काळच्या समजुतीने त्या लहरी लांब पल्ल्याला निरुपयोगी होत्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये याच हौशी लोकांनी साधारण ११० मीटरवर अमेरिका आणि फ्रान्स यांच्यात दोन्ही बाजूंनी गप्पा मारून दाखवल्या. जी जमीन पडीक म्हणून दिली होती, तिच्यातच सोनं निघालं. त्यानंतर सरकारं आणि कंपन्या शॉर्टवेव्हकडे धावल्या.

रेडिओच्या आधीची सुई

पण सूर्याच्या लहरीपणाचा पृथ्वीवर परिणाम होतो हे रेडिओच्या आधीच कळायला लागलं होतं. ते दाखवलं चुंबकसुईने. आणि इथे कुलाबा येतं.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली. १८४० च्या दशकात तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजणी सुरू झाली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार हे काम बघत आणि त्यांच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षांचा एक मराठी मुलगा होता. अलिबागजवळच्या नागावचा, नाव केरो लक्ष्मण छत्रे. हेच पुढे गणिताचे प्रसिद्ध प्राध्यापक केरूनाना छत्रे, लोकमान्य टिळकांचे गुरू. आज आपण ज्याला डेटा कलेक्शन म्हणतो, ते हा मुलगा कंदिलाच्या उजेडाच्या काळात करत होता. सुई किती हलली, दुर्बिणीतून बघायचं आणि वहीत लिहायचं. तासाला एकदा, दिवसामागून दिवस.

केरूनाना नंतर वेधशाळा सोडून शिकवण्याकडे वळले, पण वही चालू राहिली. आणि मग आला सप्टेंबर १८५९.

१ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्यावरचे डाग कागदावर रेखाटत होता. अचानक डागांच्या घोळक्यात दोन ठिकाणी डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश चमकला आणि पाचेक मिनिटांत विझला. त्या वेळी मुंबईत दुपारचे साधारण चार वाजले होते. साडेसतरा तासांनी सूर्यावरून निघालेला कणांचा आणि चुंबकीय क्षेत्राचा लोंढा पृथ्वीवर आदळला. युरोप-अमेरिकेत तारऑफिसांत ठिणग्या उडाल्या, काही तारमास्तरांना शॉक बसले.

मुंबईत २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्यात सुई वेड्यासारखी हलायला लागली, तसं तिथल्या माणसांनी तासाचा नेम सोडून पंधरा-पंधरा, काही वेळा पाच-पाच मिनिटांनी नोंद घ्यायला सुरुवात केली. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते इंडियन नेव्हीचे फर्ग्युसन. (पुण्याच्या कॉलेजवाले फर्ग्युसन वेगळे!) त्या वहीत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलेला दिसतो.

हा आकडा किती मोठा आहे? १९८९ च्या मार्चमध्ये ज्या सौर वादळाने कॅनडाच्या क्वेबेक प्रांताची वीज घालवली, त्याची जगभरच्या ठरावीक स्टेशनांवरून काढलेली पातळी होती सुमारे ५९० नॅनोटेस्ला.

कुलाब्याची ही नोंद जवळजवळ दीडशे वर्षं सरकारी खंडांमध्ये पडून होती. २००३ मध्ये अमेरिकेच्या त्सुरुतानी यांच्यासोबत आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्स लखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी ती बाहेर काढली, आणि १८५९ चं वादळ खरोखर किती मोठं होतं याचा अंदाज जगापुढे मांडला. त्यावर वाद झाला आणि अजूनही आहे. तासाची सरासरी काढली की घसरण १६०० वरून बरीच खाली येते. पण वाद घालायलासुद्धा सगळे कुलाब्याचीच वही उघडतात, कारण त्या वादळाची विषुववृत्ताकडच्या बाजूची इतकी सलग नोंद दुसरीकडून मिळत नाही.

आणखी एक तारीख सांगतो: ४ फेब्रुवारी १८७२. त्या रात्री मुंबईच्या आकाशात अरोरा दिसला! होय, नॉर्वेला जाऊन लोक बघतात तोच. टाइम्स ऑफ इंडियात त्याची बातमी आली आणि मुंबई-एडन समुद्री केबलवर त्या वादळाचा परिणाम झाला.

ट्रामने हाकललेली वेधशाळा

पुढे १८९६ मध्ये नानाभाई फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यासमोर एक नवीनच अडचण आली: मुंबईत विजेच्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या विद्युतप्रवाहाने सुईचं मोजमाप बिघडलं असतं. कांदिवलीत माझा रेडिओ शेजाऱ्यांच्या एलईडी बल्बांनी आणि चार्जरांनी भरून जातो ना, त्याचाच हा १९०० सालचा अवतार.

मूस यांनी खाडीपलीकडे अलिबागला पोरबंदरच्या दगडाची इमारत बांधून घेतली, कारण त्या दगडात चुंबकीय गुण नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी केली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका नीट जोडता यावी. आमच्या भाषेत सांगायचं तर नवीन सर्व्हरवर जाताना जुना बंद करायच्या आधी दोन्ही समांतर चालवून बघितले. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा सुई आधीच सुखरूप अलिबागला पोचली होती. १९१० मध्ये मूस यांनी १८४६ ते १९०५ ची सगळी कुलाबा निरीक्षणं दोन खंडांत प्रसिद्ध केली. अलिबागची मोजणी आजही चालू आहे, तीही केरूनानांच्या नागावपासून अगदी थोड्या अंतरावर.

खडकी, दौंड आणि गिरगाव

आता सुई आणि रेडिओ एकत्र कधी आले ते बघू. १९२७ च्या सप्टेंबरमध्ये भारत आणि इंग्लंड यांच्यात शॉर्टवेव्हची बीम सेवा सुरू झाली. भारतातून पाठवायचं स्टेशन होतं पुण्याजवळ खडकीला आणि ऐकायचं दौंडला. होय, आपण जिथे गाडीत चहा घेतो ते दौंड. शॉर्टवेव्ह इतकी स्वस्त आणि जलद होती की समुद्राखालच्या केबल कंपन्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण आरसा सूर्याच्या ताब्यात होता. दिवसा एक तरंगलांबी, रात्री दुसरी, असं करावं लागे. चुंबकीय वादळ आलं की जगभरची बीम सर्किटं अडखळत, विशेषतः ध्रुवाजवळून जाणारी.

दुसरा प्रकार त्याहून विचित्र होता. कधीकधी पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूची सगळी शॉर्टवेव्ह एकदम गप्प व्हायची आणि काही मिनिटांनी किंवा तासाभराने हळूहळू परत यायची. रात्रीच्या बाजूला काहीच नाही. ऑपरेटर आपापले सेट उघडून बसत. १९३५ मध्ये अमेरिकेच्या डेलिंजरने याचा संबंध सूर्यावरच्या स्फोटांशी, म्हणजे फ्लेअरशी जोडला. फ्लेअरचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोचतात आणि डी थर, आपला तो मधला चोर, एकदम माजतो.

म्हणजे सूर्याचे दोन फटके आहेत. फ्लेअर ही फास्ट लोकल: निघाली की आठ मिनिटांत हजर, फक्त दिवसाच्या बाजूला धक्का. आणि मागून येणारा कणांचा लोंढा ही मालगाडी: एक ते तीन दिवसांनी येते, पण आली की दिवस-रात्र दोन्हीकडे गोंधळ घालते.

याच काळात मुंबईच्या रेडिओचा सगळ्यात धाडसी अध्याय घडला. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हॅम लायसन्स रद्द केली होती. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. तरंगलांबी ४२.३४ मीटर. मी त्याचं गणित केलं: साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. हे आजच्या हॅमच्या ४० मीटर बँडमध्ये बरोबर बसतं! ट्रान्समीटर उभा करणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हे लायसन्स रद्द झालेले एक हॅमच होते. या बँडवर दिवसा डी थर आड येतो आणि पल्ला शेकडो किलोमीटरचा राहतो. अंधार पडला की तेवढीच पॉवर कितीतरी लांब जाते. नंतर नंतर त्यांचं प्रक्षेपण संध्याकाळचं एकच असायचं. जागा बदलत बदलत हे स्टेशन १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावच्या पारेखवाडीत पकडलं गेलं.

वहीतून आलेला आकडा

आता मुद्द्यावर येतो. आज कोणताही हॅम सेट चालू करायच्या आधी फोनवर दोन आकडे बघतो.

पहिला, सोलर फ्लक्स. १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर सूर्य किती ‘आवाज’ करतोय, हे १९४७ पासून कॅनडात रोज मोजतात. सत्तरच्या आसपास असेल तर वरचे बँड झोपलेले समजा. दीडशेच्या वर गेला की १० मीटर जागा व्हायला लागतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो ३०० च्या वर गेला होता.

दुसरा, के-इंडेक्स. हा ० ते ९ असतो. १९३९ मध्ये जर्मनीच्या बार्टेल्सने तो काढला. दर तीन तासांत चुंबकीय सुई जास्तीत जास्त किती हलली, यावरून हा आकडा ठरतो. ० ते २ म्हणजे शांतता, ५ किंवा त्याहून जास्त म्हणजे वादळ. आता लक्षात आलं? ॲपमध्ये दिसणारा तो हिरवा, पिवळा किंवा लाल चौकोन म्हणजे कुलाब्यात वहीत लिहिली जायची तीच गोष्ट. फक्त दुर्बिणीच्या जागी सेन्सर आलाय आणि शाईच्या जागी सर्व्हर.

हे सगळं छंदापुरतं आहे का? नाही. १९९३ चा किल्लारी भूकंप, २००१ चा भूज, २००४ ची त्सुनामी, या तिन्ही वेळेला हॅम ऑपरेटरांनी निरोप पोचवायचं काम केलं. त्सुनामीच्या वेळी दिल्लीच्या भारती प्रसाद योगायोगाने हॅम मोहिमेवर अंदमानातच होत्या आणि पोर्ट ब्लेअरहून त्यांचा शॉर्टवेव्ह सेट मुख्य भूमीशी बोलत होता. आता कल्पना करा, अशा दिवशी सूर्यावर मोठी फ्लेअर आली तर?

हे खरोखर झालंय. ६ सप्टेंबर २०१७ ला इर्मा हे चक्रीवादळ कॅरिबियन बेटांवर होतं आणि त्याच दिवशी सूर्यावर एक्स ९.३ दर्जाची फ्लेअर झाली, त्या सौरचक्रातली सगळ्यात मोठी. वादळाची माहिती देणाऱ्या हॅमच्या नेटवरचा संपर्क कित्येक तास तुटत राहिला. १० तारखेला पुन्हा एक्स ८.२. अशा वेळी ज्याला आयनोस्फिअर कळतं तो सेट उघडून बसत नाही. फ्लेअरनंतर आधी वरच्या फ्रिक्वेन्सी सावरतात, म्हणून तो वरच्या बँडवर जातो. जवळच्या कामासाठी व्हीएचएफ वापरतो, कारण तिला आरसा लागतच नाही. संकटात ही अर्ध्या तासाची समज फार महागाची असते.

आणि अगदी ताजं: १० मे २०२४ च्या रात्री, आपल्या घड्याळाने साडेदहाच्या सुमारास, २००३ नंतरचं पहिलं जी-५ दर्जाचं वादळ आलं. लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल अरोरा टिपला. के-इंडेक्स ९ वर गेला, शॉर्टवेव्हचे बँड कोसळले. तरी मोजमापाने हे वादळ ४०० नॅनोटेस्लाच्या आसपासचं होतं. आता कुलाब्याची १८५९ ची वही आठवा. तसं काही आज आलं तर रेडिओची खरखर ही शेवटची काळजी असेल. आधी वीज, उपग्रह आणि जीपीएस.

जीपीएसचं तर आपल्याकडे एरवीही आहे. मुंबई चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास, सूर्यास्तानंतर आपल्यावरच्या आयनोस्फिअरमध्ये बुडबुडे तयार होतात. त्यांतून येणारे सिग्नल थरथरतात आणि जीपीएसची अचूकता घसरते. हॅमला ते कानाने ऐकू येतं, सर्वेवाल्यांना नकाशावर दिसतं.

तुम्ही काय करू शकता?

ऐकायला सुरुवात करा. शॉर्टवेव्हवाला साधा रिसीव्हर आणि खिडकीतून बाहेर सोडलेली चार-पाच मीटर वायर पुरते. घरचे चार्जर काढून ठेवा. (बोलायचं असेल तर मात्र आधी परीक्षा आणि लायसन्स, यात शॉर्टकट नाही.) रोज एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर काय ऐकू येतं ते लिहा आणि शेजारी त्या दिवसाचा फ्लक्स आणि के-इंडेक्स लिहा. तीन महिन्यांत तुम्हाला त्यातला पॅटर्न दिसायला लागेल. ‘आज काहीच लागलं नाही’ हेसुद्धा लिहा. कुलाब्यातल्या माणसांनी हजारो कंटाळवाणे, शांत दिवस इमानाने लिहिले होते. म्हणूनच त्या एका सकाळची उडी किती मोठी होती ते आज कळतं.

जाता जाता एक योगायोग. सूर्याकडे बघायला पाठवलेलं आपलं आदित्य-एल१ हे यान, ज्यावर पुण्याच्या आयुकाने बनवलेली अतिनील दुर्बीण आहे, २ सप्टेंबर २०२३ ला उडालं. कुलाब्याची सुई वेडी झाली त्याला त्या दिवशी बरोबर १६४ वर्षं झाली होती. हे यान पंधरा लाख किलोमीटरवर बसून सूर्य बघतं आणि त्याच्यावरही एक चुंबकमापक आहे. म्हणजे वही अजून चालू आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर सेट चालू ठेवा. आणि सेट गप्प झालाच, तर रिपेअरवाल्याकडे जायच्या आधी एकदा के-इंडेक्स बघा!